घोरणं थांबायचं तेव्हा

खंडोबा पाठीशी आहे असं आयुष्यभर म्हणत आले, पण ह्यांचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं आणि माझा विश्वास डळमळला. पूर्ण भूल दिल्यावर हे परत उठलेच नाहीत तर? कराडच्या दवाखान्यात ह्यांच्या उशाखाली भंडाऱ्याची पुडी ठेवली, तरी मन थाऱ्यावर येईना.

दुपारी जेवण होताच हे घोरायला लागले आणि सगळा वॉर्ड हसला. मला मात्र घरी असल्यासारखं वाटलं. रहिमतपूरला ह्या घोरण्याचं केवढं कौतुक होतं! "फौजी माणूस, बिनघोर झोपतो," असं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या. श्रावणात पोथी ऐकताना हे बसल्या जागी पेंगायचे आणि मुलं हसू दाबत एकमेकांना चिमटे काढायची. घोरता घोरता हे मध्येच गप्प व्हायचे. तेवढ्या शांततेत मी जप उरकून घ्यायचे, वर देवाचे आभारही मानायचे. फार सुखाचे दिवस होते ते.

शेजारच्या कॉटवर पाय मोडलेला भाऊ घेऊन विट्याकडची एक बाई आली होती. ती उठून जवळ आली आणि ह्यांच्याकडे बघत राहिली.

"आवं ताई, मालकांचा श्वास थांबतोय की मधी."

"ते असेच झोपतात हो."

"भूल द्यायच्या आधी डॉक्टरास्नी सांगा. आमच्या मालकांचं असंच व्हायचं. मी कुनाला सांगितलंच न्हाई. ऑपरेशन झालं, पन ते उठलं न्हाईत."

मी धावत जाऊन नर्सला सांगितलं. भूल देणारे डॉक्टर लगेच आले. झोपेत घसा मिटून श्वास अडतो, ह्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, असं त्यांनी समजावलं. वॉर्डात असे बरेच पेशंट असतात, पण घोरणं कुणाला आजार वाटत नाही, म्हणून कुणी बोलत नाही, असंही ते म्हणाले. ऑपरेशन पुढे ढकललं, झोपेची तपासणी झाली, रोज श्वासाचं मशीन लावून झोपायची सवय केली. मगच सगळी काळजी घेऊन ह्यांना आत नेलं. त्या दिवशी मी देवाकडे काही मागितलं नाही. आमचं आम्ही केलंय, आता तुझं तू बघ, एवढंच म्हटलं.

हे शुद्धीवर आल्यावर मी वॉर्डात गेले, तर भावाच्या पायापायी अजून तिथेच अडकलेली ती बाई दारातच उभी होती.

"उठलं का मालक?"

"उठले."

तिने डोळ्यांना पदर लावला आणि किती तरी वेळ काढला नाही. मी तिला जवळ घेतलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना आता मी ह्यांच्याबरोबर तिच्या मालकांसाठीही हात जोडते.