मार्करने रंगवलेली करंगळी

पोलिओचा रविवार आम्ही मॉलमध्ये घालवला. दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका आमच्या मुलुंडच्या सोसायटीत घरोघरी येणार, हे ठाऊक होतं. मुलाला पोलिओचं इंजेक्शन दिलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, थेंबही पाजा. पण मला मेली कटकट नको होती. थेंब काय, वस्तीतल्या पोरांसाठी! बेल वाजली तशी मी, थेंब पाजल्यावर बूथवर खूण करतात तशी, मार्करने त्याची डावी करंगळी रंगवली आणि त्याला दारात उभं केलं.

"काल बूथवर डोस दिला ना!"

बाईंनी नख पाहिलं, दारावर खडूने खूण केली आणि गेल्या. काय हुशार मी!

आमच्याकडे पोळ्या करायला येणारी पोरगी हे बघत होती. दोन दिवसांनी ती आपल्या लेकीला घेऊन आली, जेमतेम वर्षाची. तिचीही करंगळी रंगवलेली.

"अगं, हे काय?"

"तुमचाच मार्कर घेतलेला, ताई. तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुम्ही टाळता म्हणजे त्या थेंबांत काहीतरी असणारच ना!"

डोंगरावरच्या तिच्या गल्लीला मिळून एकच संडास, शेजारूनच पाण्याचा पाइप. पोलिओचा विषाणू शौचावाटे बाहेर पडतो आणि पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्या पोराच्या तोंडात जातो. एखाद्याचा पाय कायमचा लुळा करतो. थेंब त्याला पोटातच अडवतात, नुसतं इंजेक्शन तेवढं अडवत नाही. हे मी क्लासमध्ये दहावीच्या पोरांना शिकवते, बोला! आणि ही चिमुरडी माझ्या फरशीवर रांगत हाताला येईल ते तोंडात घालत होती.

"त्यात काही नाही गं," मी म्हटलं. "मला कंटाळा आला होता, बस." माझ्याकडे बघत तिने लेकीची करंगळी पदराने घासली, रंग काही निघाला नाही. त्या नजरेची मला अजून लाज वाटते.

दोन्ही पोरांना घेऊन आम्ही तडक दवाखाना गाठला. थेंब न पाजताच रंगवलेली नखं बघून नर्स भडकली. "हा उद्योग कुणाचा?"

मी तोंड उघडायच्या आत आमची पोळ्या करणारी पोरगी म्हणाली, "माझा, मॅडम. दोघांची मीच रंगवली. मला अक्कल नाही. ताईंनीच ओढून आणलं."

नर्सने तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. मी गप्प. पोरांना दोन-दोन थेंब पाजून झाल्यावर नर्स माझ्याकडे वळून हसली. "तुमच्यासारखी शिकलेली माणसं लक्ष देतात म्हणून बरं."

"हो ना," मी म्हणाले.