चंद्रपूरची तारा

चहा येतोय तोवर ऐका, पण मधेच हसायचं नाही. माझं जुळत आलेलं लग्न एकदा सायकलच्या मागच्या चाकानं मोडायला आणलं होतं. म्हणजे चाकाचं नुसतं निमित्त, बाकी सगळी करामत माझ्या तोंडाची.

तेव्हा मी कुरखेड्यात खोली करून राहत होतो आणि जंगलातल्या एका गावी शाळेत शिकवायला रोज सायकलनं जात होतो. रस्ता म्हणजे मुळं आणि गोटे. त्यात कॅरिअरवर कधी पुस्तकांचा गठ्ठा, कधी शाळेच्या तांदळाचं पोतं. मागून 'कट्' असा आवाज आला की समजायचं. स्पोक तुटला. स्पोकला आमच्याकडे तार म्हणतात. एक बदलली की लगेच तिची शेजारीण जायची. मग चाक लचकत चालायचं, ब्रेकला घासायचं, आणि मी सायकल हातात धरून घामाघूम शाळेत पोचायचो. हेडमास्तर दारातच उभे असायचे.

मिस्त्री म्हणजे सत्तारभाई. चाकाचा आऊट काढण्यात, म्हणजे लचकणारं चाक सरळ करण्यात, त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मराठी मात्र त्यांचं स्वतःचं होतं, आणि त्यात अनेकवचन नव्हतं. एक असली तरी 'तारा', पुडकं असलं तरी 'तारा', आणि दोन्ही वेळी 'आली'. रोजचं येणं-जाणं, त्यांच्याशी बोलताना मीही तसाच बोलू लागलो. इथंच घोळ झाला.

त्याच सुमारास मी वरोऱ्याची सुजाता पाहून आलो होतो. ती मला इतकी आवडली की परतताना वडशाला बस बदलायची असते हेच विसरलो. तिचे वडील, रामटेके बाबूजी, म्हणाले, "चौकशी करतो अन् कळवतो." आता मुलाची चौकशी कशी होते तुम्हाला ठाऊक आहे. कोणीतरी गुपचूप गावात येतो, चहा पितो, मुलगा पितो का ते विचारतो. मला कसली भीती? मी चहासुद्धा बिनसाखरेचा पिणारा.

तर एका संध्याकाळी मी सायकल ढकलत सत्तारभाईंकडे आलो. बाकावर एक अनोळखी पाहुणा चहा पीत बसला होता.

"सत्तारभाई, तारा आली काय?"

"नाई ना सर. चंद्रपूरवरून निघाली म्हणते. उद्याच्या यष्टीनं येईन."

"पहिलीनं तर साथच नाई दिली. मंधातच धोका देल्ला."

"तुमचं काम भारी आहे सर, नाजूक नाई चालत. आता मजबूत बोलावली. आली का मागे बसवून देतो."

"बसवा. पण लग्नाच्या आधी हे भानगड मिटली पाह्यजे. मले पुढं कटकट नाई पाह्यजे."

पाहुण्याचा कप तोंडाजवळच थांबला. "लई दिवसाचं आहे काय हे?" त्यानं हळूच विचारलं.

मला वाटलं, बिचाऱ्याच्याही सायकलीच्या तारा तुटत असतील. "वर्ष झालं भाऊ," मी म्हटलं. "पूर्ण कुरखेड्याले माहीत आहे."

पाहुणा चहा अर्धा टाकून उठला.

दोन दिवसांनी घरमालकांच्या घरी माझ्यासाठी फोन आला. मी धावत गेलो. होकार असणार, दुसरं काय?

"मास्तर, रामटेके बोलून राह्यलो."

"जयभीम बाबूजी."

"ते तारा काय आहे?"

मी चाट पडलो. माझ्या सायकलची कीर्ती वरोऱ्यापर्यंत? पण बरंही वाटलं. जावयाची इतकी काळजी करणारा सासरा कोणाला मिळतो?

"तुमच्यापर्यंत पोचलं काय बाबूजी? आता फिकर करू नका. जुन्या साऱ्या काढूनच टाकतो म्हणलो."

"साऱ्या? किती आहेत?"

"मागे चाळीस, समोर बत्तीस."

फोनमध्ये नुसती खरखर आली. मग ते म्हणाले, "आमच्या पोरीचं नाव पुन्हा तोंडातून काढाचं नाई." आणि फोन ठेवला.

मी तसाच उभा. घरमालकीणबाई तांदूळ निवडत सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, सायकल हा शब्द तुमच्या तोंडून एकडाव बी नाई निंगाला."

तेव्हा कुठं उजेड पडला. बाकावरचा तो पाहुणाही आठवला. खरं सांगतो, मला रडू येत होतं. सुजाता काय म्हणत असेल माझ्याबद्दल?

दुसऱ्या दिवशी सत्तारभाईंच्या डब्यातल्या माझ्या सगळ्या मोडक्या तारा पेपरात गुंडाळल्या आणि वरोऱ्याची वाट धरली. बसमध्ये पुडकं मांडीवर घेऊन बसलो होतो. काय बोलायचं ते मनात घोकत होतो, आणि दर थांब्याला विसरत होतो.

घरात बाबूजी बसले होते. शेजारी तोच पाहुणा. तो सुजाताचा मामा. कोणी बस म्हणालं नाही. मी उभ्यानंच पुडकं सोडलं आणि तारा सतरंजीवर ओतल्या.

"बाबूजी, ह्या पाहा माझ्या तारा. सायकलीच्या आहेत."

बाबूजींनी एक तार उचलली, वाकवली, मामाकडे पाहिलं. मामानं मान खाली घातली. बाबूजींच्या मिशीत हसू हललं. "बसा मास्तर," ते म्हणाले.

इथं मी थांबायला हवं होतं. कोणताही शहाणा माणूस थांबला असता. पण सुटल्याचा आनंद असा चढला की जीभ सैल सुटली, आणि सवयीनं सत्तारभाईंचंच मराठी बाहेर आलं.

"आता तुमच्यापासून काय लपवाचं बाबूजी? ते चंद्रपूरची तारा आहेच बोगस. दिसाले चमकदार, पण दम नाई. जरा वजन पडलं का कुरकुर चालू. अन् एकदा वाकडी झाली का कोणाच्या बापाच्यानं सरळ होत नाई."

मामा छताकडे पाहू लागला. मी मागं वळलो, तर दारात एक बाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

बाबूजी खाकरले. "हे सुजाताची आई. ताराबाई. माहेर चंद्रपूरचं."

मामा त्या दिवशी कुरखेड्यात चहा अर्धा टाकून का उठला, तेही मला तेव्हाच कळलं: बहिणीचंच नाव ऐकलं होतं त्यानं, माहेरच्या गावासकट.

आतल्या खोलीत कोणीतरी खदखदून हसलं. ती सुजाता. तिच्या त्या हसण्यानंच माझं लग्न वाचलं. तिनं आईला सांगितलं म्हणे, "इतका भोळा माणूस भानगड करूच शकत नाई." मी ती तारीफ समजून घेतली.

सासूबाई मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. ना तेव्हा, ना लग्नात.

पुढं दिवाळीत त्या कुरखेड्याला आल्या. मी बस स्टँडवरून त्यांना कॅरिअरवर बसवून घरी आणत होतो, श्वास रोखून, एकेक खड्डा चुकवत. पुलाच्या उतारावर मागून आवाज आला. कट्.

"काय तुटलं जावईबापू?"

"काई नाई आई. चेन वाजली."

सासूबाईंनी वाकून मागच्या चाकाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "चंद्रपूरची असन."