रेश्माचं श्रुतलेखन

चौथीच्या वर्गात मी बाकांमधून फिरत श्रुतलेखनाचे शब्द सांगत होते. मागच्या भिंतीशी पोहोचले आणि पाहिलं, तर पहिल्या बाकावरची रेश्मा पूर्ण मागे वळून माझ्या ओठांकडे बघत होती. रेश्माला ऐकू येत नाही. मी सवयीने खेकसले, “पुढे बघ!” तेही तिने ओठांवरूनच वाचलं आणि मुकाट्याने मान फिरवली.

गेल्याच महिन्यात दिव्यांग मुलांना कसं शिकवायचं, याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण मी पुरं केलं होतं. तिथे मी विचारलं होतं, “ऐकू न येणाऱ्या मुलीचं श्रुतलेखन कसं घ्यायचं?” तज्ज्ञ म्हणाले, “मॅडम, प्रश्न शेवटी घेऊ.” शेवटी प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढले. त्या फोटोत मीही हसते आहे.

चीड येते ती त्या हसण्याची. मान अवघडेपर्यंत वळून शब्द शोधणाऱ्या मुलीच्या वहीवर आम्ही शून्य काढतो आणि त्याला मूल्यमापन म्हणतो!

मी रेश्मासमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, “पहिल्यापासून सांगते.”

वर्ग कुरकुरला, “बाई, आमचं झालंय की!”

“तिचं अजून सुरूच झालेलं नाही,” मी म्हणाले.