नानांचा ग्रंथ आणि अण्णांची सही

इतिहास मंडळाचं सेक्रेटरीपद माझ्याकडे चार वर्षं होतं. त्या काळात संशोधनाची एक ओळ मी लिहिली नाही, पण किस्से मात्र इतके साठले की सांगितल्याशिवाय राहवत नाही. तारापूरला अणुवीजकेंद्राचं काम नुकतंच सुरू झालं होतं. तिकडे अणूची तयारी चालली होती आणि इकडे आम्ही आठ विद्वान बोईसरच्या शाळेत दर रविवारी पोर्तुगीजांना हरवत होतो!

*

अध्यक्ष नाना, निवृत्त हेडमास्तर. मराठे आणि पोर्तुगीज यांचे तह का मोडले, यावर त्यांनी बारा वर्षं खपून ग्रंथ लिहिला. तो डोळ्यांदेखत छापून यावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. मुंबईचा एक प्रकाशक तयारही झाला, पण मंडळाचं एकमुखी शिफारसपत्र हवं म्हणाला. एकमुखी! आमच्याकडे चहात आलं घालायचं की नाही, यावरसुद्धा मतदान व्हायचं.

*

सात सह्या झाल्या. अडले ते घिवलीचे बागाईतदार अण्णा. तारापूरच्या किल्ल्यावर मराठ्यांनी केलेल्या हल्ल्यात आपले पूर्वज सर्वांत पुढे होते, असं ग्रंथात यायला हवं, हा त्यांचा हट्ट.

"पुरावा?" नानांनी विचारलं.

"आमची वाडी हाय ना अजून तितंच!"

"वाडी म्हणजे पुरावा नव्हे, अण्णा."

"मंग तुमच्या पोर्तुगीजांची तरी कुटं वाडी हाय?"

नानांनी सभाच तहकूब केली.

*

प्रकल्पावरचे वानखेडे इंजिनिअर नागपूरकडचे, मंडळात नवीन. त्यांनी दोन दिवसांत ग्रंथ वाचला आणि फळ्यावर आकृती काढली. "सर, हे एक राज्य, हे दुसरं. मधला तह म्हणजे फ्यूज. लोड वाढला की उडतो. संपलं!"

बारा वर्षं एका फ्यूजमध्ये बसवल्याबद्दल नाना त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, आम्हाला ग्रंथ त्या दिवशी पहिल्यांदा समजला.

*

नाना-अण्णांचं बोलणं बंद झाल्यावर निरोप पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वकिलाला, म्हणजे राजदूताला, शत्रूच्या दरबारातही केवढा मान असे, विडा काय, वस्त्रं काय, हे नानांच्या चौथ्या प्रकरणात सविस्तर आहे. मी बोईसर ते घिवली सायकल हाणायचो. दरबारात पाणी मिळायचं, तेही मागितलं तर! खरं सांगतो, तेव्हा मला दोघांचाही राग यायचा.

*

शेवटी प्रकाशकाचं निर्वाणीचं पत्र आलं: सोमवारपर्यंत शिफारस द्या, नाहीतर हस्तलिखित परत. रविवारी दोन्ही पक्ष तटस्थ मुलखात, म्हणजे मुरब्याला, आमचे सभासद काशिनाथ यांच्या ओटीवर जमले. त्यांची आई बाजूला सुकट निवडत होती. अण्णांच्या पूर्वजांना एक तळटीप द्यायची, असं ठरलं.

मग नानांनी शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. कुणाचा शिक्का वर आणि कुणाचा खाली, एवढ्यावरून दोन दरबारांनी होत आलेला तह घालवला! अण्णांनी डोळे पुसले.

"काय मानसं होती! एवड्याशा मानासाटी?" असं म्हणत त्यांनी शिफारसपत्रावर सही ठोकली.

नानांनी कागद उचलला. अण्णांची सही त्यांच्या सहीच्या वर होती. अध्यक्षांच्या वर!

नानांनी तो कागद आठही सह्यांसकट टराटरा फाडला.

काशिनाथच्या आईने सुकटीतून मान वर केली.

"समदं आयकलं मी. पन तुमच्यातला पोर्तुगीज कोन, तेवडं तरी सांगा!"