हात ठेवा काउंटरवर

दुकानात माल साठला की दुकानदाराची झोप उडते, पण किस्से साठले की गिऱ्हाईक वाढतं! जिंतूरच्या बसस्टँडजवळ आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. विळे, खुरपी, कुलपं, खिळे, सगळं मिळतं. पण लोक मला ओळखतात ते चाकूवाला आप्पा म्हणून. कारण गल्ल्याशेजारी एक काचेची पेटी आहे आणि तिच्यात खिशात मावणारे, घडीचे, भारी पोलादाचे चाकू आहेत. लहान, मधला आणि मोठा. एकदा घेतला की माणसानं दहा वर्षं दुसरा मागू नये, असला माल.

ही पेटी ठेवली तेव्हा थोरल्या भावानं मला येड्यात काढलं होतं. "आप्पा, आपल्याकडं चाकू कांदा कापायला घेतात, खिशात मिरवायला न्हाई." पण गिऱ्हाईक आलं. फक्त येणारा प्रत्येक जण चुकीच्या मापाचा चाकू मागायचा! म्हणून मी दोन नियम केले. एक, हात काउंटरवर ठेवायचा, चार बोटं मिटून. त्या चार बोटांच्या रुंदीपेक्षा पातं लांब नको. दोन, चाकू खिशात टाकून दुकानातच उकिडवं बसून दाखवायचं. रोज बाळगायचा चाकू माणूस पसंत करतो डोळ्यानं, आणि सोसावा लागतो मांडीला!

आमच्या दुकानात दुपारी कांबळे गुरुजी येऊन बसतात. रिटायर्ड मुख्याध्यापक, कडक माणूस. ते "जयभीम आप्पा" म्हणतात, मी "शरणार्थ गुरुजी" म्हणतो आणि लगेच भांडण सुरू. माझं मोजमाप बघून एकदा म्हणाले, "आप्पा, तुमी काय शिंपी हाव का? एक दिवस चाकू वापस येणार, लिहून ठेवा!"

मला राग आला. भरल्या दुकानात बोलून गेलो, "गुरुजी, माप बसंना म्हणून एक जरी चाकू वापस आला ना, त्या दिवशी ही पेटी उचलून माळ्यावर टाकीन. पुन्हा कुणाचा हात मोजणार न्हाई!"

तेव्हापासून जुनं गिऱ्हाईक पायरी चढलं की गुरुजींचा पेपर खाली होतो आणि मी आधी त्याच्या हाताकडं बघतो, चाकू तर न्हाई ना. कारण त्या पेटीत माझी इज्जत आहे, दुसरं काही नाही.

* * *

चुडाव्याचा एक गडी आला होता. मोठी बुलेट, काळा चष्मा, गळ्यात साखळी. बहिणीच्या गावी आला होता आणि चाकूचं नाव ऐकून वाट वाकडी केली होती.

"आप्पा, सगळ्यात मोठा दाखवा."

"हात ठेवा काउंटरवर."

हात ठेवला. पोराचा हात माझ्या नातीच्या हाताएवढा! मी म्हटलं, "तुमाला लहान बसतो." त्याचा चेहरा पडला. "लहान घेऊन गावात जाऊ का मी? मोठाच द्या."

"घ्या की. पण आधी खिशात टाका आणि बसा उकिडवं."

पँट आधीच इतकी टाइट की चाकू खिशात जाईना. कसाबसा कोंबला. बसला. अर्ध्यात गेला असेल नसेल, तोच "आई आई आई!" करत असा उसळला की चष्मा खिळ्यांच्या डब्यात.

शेवटी मुकाट्यानं लहान घेतला. जाताना मात्र मोबाईल माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "आप्पा, वापरायला हा ठीक हाय. फोटोपुरता तेवढा मोठा धरू द्या की!"

* * *

देवगाव फाट्याजवळच्या एका शाळेवर एक मॅडम आहेत. जाऊन-येऊन करतात. त्यांना पर्समध्ये ठेवायला चाकू पाहिजे होता. पुस्तकांचे गठ्ठे सोडायचे, पेरू कापायचे, पोरांच्या दप्तराचे तुटके बंद नीट करायचे, अशी बरीच कामं.

"सगळ्यात लहान द्या," त्या म्हणाल्या, "नाजूकसा."

मी हात मोजला. चांगला दणकट हात, खडू-फळ्यावर कमावलेला. मी म्हटलं, "मॅडम, मधला घ्या. लहान चाकू तुमच्या मुठीत हरवून जाईल."

"बाईमाणसाला एवढा मोठा शोभतो का?"

"शोभायला बांगड्या हायत की! हा कामाला हाय."

तोंड वाकडं करून त्यांनी मधला नेला. महिनाभरानं त्याच मॅडम पुन्हा पायरी चढल्या. चेहरा गंभीर. गुरुजींनी पेपरची घडी केली आणि माझ्याकडं बघून मिशीत हसले.

"आप्पा, तसलाच अजून एक द्या."

माझा जीव भांड्यात पडला. "पहिला हरवला का मॅडम?"

"हरवंल कसा? नवऱ्याला पाहिजे. रोज माझा मागायलाय आणि मी देत न्हाई!"

* * *

आता एक वायरमन. नाव सांगत नाही, अजून नोकरीत आहे. खांबावर चढून काम करणारा माणूस. ह्याला मोठा चाकू पाहिजे होता. हात मोजला तर मधला बसत होता.

मी विचारलं, "ठेवता कुठं?"

"शर्टाच्या वरच्या खिशात."

"अहो, वर चढून वाकलात की पडंल की खाली!"

"पडतो की. पहिला चाकू तसाच पडला. बंद व्हता म्हणून बरं."

"अरे देवा! खाली कोण होतं?"

"आमचे साहेब. टाळक्यातच बसला."

"लागलं का?"

"न्हाई. लहान चाकू व्हता." एक सुस्कारा सोडून म्हणाला, "म्हणून तर म्हणतो आप्पा, मोठाच द्या!"

मी मधलाच दिला, खिशाला अडकवायच्या क्लिपचा. उगं माझ्या चाकूचं नाव खराब नको.

* * *

माणूस स्वतः आल्याशिवाय मी चाकू देत नाही, मॅडमच्या नवऱ्यालासुद्धा हात मोजायला यावं लागलं. म्हातारी माणसं यायची कशी? तर त्यांच्यासाठी सवलत आहे. कागदावर हात ठेवून पेन्सिल फिरवायची आणि तो कागद आणायचा.

एका पोरानं बापाचा असाच कागद आणला. मी उघडला आणि बघतच राहिलो. इंच इंच मोजलं. कुठून धरावं तेच कळंना.

"का रे बाबा, वडलांची पाची बोटं एका रांगेत हायत का?"

"म्हंजे?"

"अंगठा बाजूला असतो की हाताचा! आणि मनगट इतकं गोल?"

पोरानं कागद बघितला, उलटा केला आणि कपाळाला हात लावला. बापाला चप्पलसुद्धा घ्यायची होती. एका कागदावर हात काढलेला, एकावर पाय. चपलेच्या दुकानात आधी जाऊन आला होता.

गुरुजी म्हणाले, "मग त्या दुकानदारानं काही म्हटलं न्हाई?"

"काय की गुरुजी. त्यानं नुस्तं विचारलं, पोरगं कितवीला हाय." पोरानं पिशवी उघडून दाखवली. "आणि ही लहान मुलाची चप्पल बांधून बी दिली!"

* * *

चाकू एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, भांडण होतं, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत. मीसुद्धा काउंटरवर ठेवतो, गिऱ्हाईक उचलतं. हा रिवाज मोडायचा नाही.

एक सासरे जावयाला घेऊन आले. धोंड्याच्या महिन्यात काहीतरी वेगळं द्यायचं म्हणून चाकू. जावयाचा हात मोजला, मोठा बसला. जावई उकिडवा बसला, आरामात उठला. एकदम फिट!

मी चाकू सासऱ्यांपुढं ठेवला. सासऱ्यांनी उचलला आणि जावयाच्या हातात देणार, तेवढ्यात मी ओरडलो, "अहो मामा, हातात देऊ नका! खाली ठेवा, त्यांना उचलू द्या."

सासरे दचकले. जावई मात्र हात पुढं करून शांतपणे उभा.

"द्या मामा हातातच," तो म्हणाला, "भांडण तर लग्नापासून चालूच हाय आपलं!"

* * *

खुद्द गुरुजींनी चाकू घ्यायचं ठरवलं, तो दिवस मी विसरत नाही. वर्षभर माझ्या मापाची टिंगल केली, आणि मग बाभळीचं दातून कापायला चाकू पाहिजे झाला. मी तर अशा टेचात उभा राहिलो की विचारू नका.

"हात ठेवा काउंटरवर!"

ठेवला, पण नजर पेपरातच. मधला बसला. "आता खिशात टाका आणि बसा."

"माझे गुडघे गेले, आप्पा. मी न्हाई बसणार."

"नियम म्हंजे नियम! शाळेत तुमी कुणाला सोडलं का?"

"मग माझ्या बदली तुमी बसा."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. माघार कशी घ्यायची? मी चाकू धोतराच्या कनवटीला खोचला आणि ऐटीत बसलो. बसलो ते बसलोच! पोटामुळं पुढं वाकता येईना आणि मागं धरायला काही नाही. शेवटी दोघांनी बगलेत हात घालून उठवलं.

मी कनवटीतून काढून काउंटरवर ठेवलेला चाकू गुरुजींनी शांतपणे उचलला. "माप बरोबर हाय," म्हणाले, "दुकानदार तेवढा एक साइज मोठा हाय."

* * *

आणि मग एकदा तो दिवस आला.

बोरीचा एक माणूस दुकानात शिरला. रोपवाटिकांमधून आंब्याची कलमं बांधत फिरणारा. त्या कामात पातं हातात मुरावं लागतं, काप एकसारखा पडला नाही तर कलम मरतं. दोन वर्षांमागं माझ्याकडूनच मधला चाकू मापून नेलेला, हे मला चांगलं आठवत होतं. डावा हात पुढं करून त्यानं चाकू काउंटरवर ठेवला. उजवा हात खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळलेला.

"आप्पा, हा वापस घ्या. माप बसंना."

गुरुजींनी पेपर बाजूला ठेवला. माझी कानशिलं तापली.

"बसंना म्हंजे? मी सोता मोजलाय तुमचा हात! दोन वर्षं वापरला आणि आज बसंना व्हय?"

"व्हय, आता बसंना."

"माझ्या दुकानातून आजवर एक चाकू वापस आला न्हाई! ठेवा हात. ठेवा काउंटरवर, सगळ्यांसमोर मोजतो!"

त्यानं टॉवेल सोडला आणि उजवा हात काउंटरवर ठेवला. अंगठा आणि दोन बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. जखम जुनी झाली होती, कातडी गुलाबी, गुळगुळीत.

"सोयाबीनच्या मशीनमधी गेली," तो म्हणाला. "गेल्या सुगीत."

मी मोजायला पुढं केलेला हात तसाच राहिला. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली, लय लाज वाटली. कुणासाठी कधी न उठणारे गुरुजी खुर्चीतून उठून उभे राहिले.

मी पेटीला हात घातला आणि गुरुजींना म्हटलं, "गुरुजी, आला चाकू वापस. शब्द म्हंजे शब्द. उचलतो पेटी."

"राहू द्या आप्पा," गुरुजी म्हणाले. "ह्याला वापस आला म्हणत न्हाईत."

तो माणूस एकदा माझ्याकडं, एकदा गुरुजींकडं बघायला लागला. आमचं काय चाललंय ते त्याला कळंना. मग वैतागलाच.

"पेटी कशाला उचलता? चाकू चांगला हाय, तुमचं माप बी बरोबर व्हतं. हात नवा हाय, आप्पा!" त्यानं तो हात काचेवर माझ्यापुढं सरकवला आणि होती ती दोन बोटं नीट मिटवून धरली. "मोजा बिगीबिगी. सोमवारी कलमाला जायचंय."