पान एक्केचाळीस

अण्णा नगरातल्या राजसबाईंच्या लायब्ररीत एक कपाट असं आहे की त्यातल्या पुस्तकांत कुणी मरत नाही आणि कुणाला घराबाहेर काढत नाहीत. दोन पुरुष प्रेमात पडतात, थोडे रुसतात, कुणाची तरी कॉफी सांडते आणि शेवटी दोघं एका घरात राहायला जातात. बस्स. तमिळ आणि इंग्रजी मिळून बावीस पुस्तकं.

राजसबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या आणि कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या. असलं पहिलं पुस्तक त्यांना भाच्यानं, श्रीवत्सनं आणून दिलं होतं. न बोलता काहीतरी सांगायचं म्हणून. त्यात शेवटी एकजण अपघातात जातो. राजसबाईंना भाच्याचं म्हणणं कळलं, पण पुस्तक त्यांनी रागानं परत केलं. ‘‘माणूस मारल्यावाचून गोष्ट संपवितां येत नाहीं काय रे?’’ मग त्यांनी स्वतः शोध घेतला आणि कपाट भरलं.

नंदिता नावाच्या कॉलेजातल्या बाई एकदा म्हणाल्या, ‘‘यात दुःखच नाही. खरं कसं वाटणार?’’

‘‘मुलामुलीच्या गोष्टींत तुम्हांस लग्नाचें जेवण लागतें,’’ राजसबाई म्हणाल्या. ‘‘ह्यांच्या वेळीं मात्र प्रेत पाहिजे?’’ नंदिताबाई दोन पुस्तकं घेऊन गेल्या आणि आठवड्यात तिसऱ्यासाठी आल्या.

अशा लायब्रऱ्यांतल्या जुन्या वाचकांची एक खोड असते. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी जाऊ नये म्हणून प्रत्येकजण ठरावीक पानावर पेन्सिलीनं आपली खूण करून ठेवतो. कुणाचं टिंब, कुणाचं फूल. राजसबाई या खुणा कधी खोडत नाहीत. कुठली कुणाची ते त्यांना अक्षर ओळखावं तसं ओळखता येतं.

त्या गुरुवारी दुपारी श्रीवत्स आला, बरोबर मंदार. मंदार नाशिकचा. दोघं शहराबाहेर सिरुसेरीला एकाच कंपनीत, दोन वर्षं एकाच घरात. श्रीवत्सच्या वडिलांच्या लेखी मंदार म्हणजे भाडं वाटून घेणारा मित्र.

‘‘आत्या, मी बदली मागतोंय. हैदराबाद. सोमवारीं अर्ज देणार,’’ श्रीवत्स म्हणाला. ‘‘अप्पांस सांगणें मज जमणार नाहीं. ते मोडून पडतील.’’

‘‘आणि हा?’’

‘‘मी जातो त्याच्याबरोबर,’’ मंदार म्हणाला. ‘‘पण आत्या, पळून जायला मला आवडत नाही.’’

राजसबाईंना भाच्याची दया आली आणि रागही आला. बालाजीराव, त्यांचा धाकटा भाऊ, श्रीवत्सचा बाप, बायको गेल्यापासून एकटा. बंदरात आयुष्यभर पेट्या तपासलेला, शिस्तीचा माणूस. पण मोडून पडणारा? मंदारला वाचायला काहीतरी द्यावं म्हणून त्या कपाटाशी गेल्या. पुस्तक चाळता चाळता हात थांबला. दुसरं काढलं, मग तिसरं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दर गुरुवारी त्या चारला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात आणि तेवढा वेळ बालाजीराव लायब्ररीत बसे. पेपर वाचत असेल, अशी त्यांची समजूत होती.

पाच-सहा पुस्तकं त्यांनी भाच्यापुढे ठेवली. ‘‘पान एक्केचाळीस काढ. सगळ्यांत.’’

प्रत्येक एक्केचाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यात एक चौकट होती आणि चौकटीत बरोबरची खूण. तपासलेल्या पेटीवर करतात तशी. एक्केचाळीस हा त्यांच्या तंजावरच्या घराचा नंबर. लहानपणी श्रीवत्सच्या गृहपाठावर अप्पा अशीच चौकट करत. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं आणि खाली बसला. डोळे भरून आले ते त्यानं लपवले नाहीत.

‘‘बावीसांतलीं सतरा,’’ बाकीची चाळून राजसबाई म्हणाल्या. ‘‘मोडलेला दिसतो काय कुठें?’’

चारला बालाजीराव आले. काखेत अठरावं. मुलाला पाहिलं, त्याच्या पुढ्यातली उघडी पानं पाहिली. क्षणभर दारातच थांबले. मग आत येऊन पुस्तक टेबलावर ठेवलं.

‘‘अक्का, हें चांगलें आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण दोघे राहावयास जातात तेथेंच संपवितात. पुढें स्वैपाक कोण करतो तें लिहीत नाहींत.’’ आणि ते मंदारकडे वळले. ‘‘तुम्हां दोघांत कोण करतो?’’

मंदार उठून उभा राहिला. ‘‘मी करतो, अप्पा. फक्त सांबार अजून जमत नाही.’’

बालाजीरावांनी खुर्ची ओढली. ‘‘रविवारीं दोघे घरीं या,’’ ते म्हणाले. ‘‘तें मी शिकवितों.’’