माल-सुनताईची शिफारस

मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. आमच्या ख्रिस्ती मंडळीत रागावलेल्या बाईला "बहिणी, प्रार्थना कर" असं सांगतात. मी मंडळीच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यापुढे उभी राहून प्रार्थनाही करते आणि रागावतेही. दोन्ही जमतं. आज मात्र नुसती रागावणार आहे, कारण सांगायचंय ते माल-सुनताईचं.

प्यो माल-सुन. बंदरावर कोळंबी सोलणारी, जाळी विणणाऱ्या नवऱ्याची बायको आणि मंडळीची सेविका. उपासनेच्या दालनाबाहेर चपला ठेवायच्या फळ्यांशेजारी एक टेबल आहे. त्यावर नवी पुस्तकं मांडायचं काम तिचं. विश्वासाची, प्रार्थनेची, संसार कसा करावा, मुलं कशी वाढवावीत, अशी सगळी. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती पुढे उभी राहायची आणि एक पुस्तक सुचवायची. मग महिनाभर घरोघरीच्या प्रार्थनासभांत तेच वाचलं जायचं.

तिचा एक नेम होता. पुस्तकात जे करायला सांगितलंय ते आधी स्वतःच्या घरात करून बघायचं, मगच बोलायचं. एकदा नवऱ्याशी गोड कसं बोलावं याचं पुस्तक आलं. चार दिवसांत तिचा म्हातारा माझ्या दारात. "चाइ-रान, खरं सांग. हिला डॉक्टरांनी काही सांगितलंय का? माझ्यापासून लपवताय का तुम्ही दोघी?" ताईनं हे सगळं रविवारी पुढे उभं राहून सांगितलं आणि म्हणाली, "पुस्तक चांगलं आहे. नवरा घाबरट असेल त्यांनी हळूहळू सुरुवात करावी." उपासाच्या पुस्तकाबद्दल म्हणाली होती, "लिहिणाऱ्यानं उपाशीपोटी कोळंबी सोललेली दिसत नाही. अर्धं घ्या, अर्धं सोडा." माणसं हसायची, पण पुस्तक न्यायची. तिच्या शब्दाला वजन होतं.

आता हान-गिल. तिचा एकुलता एक मुलगा, मासळीची गाडी चालवायचा. काही वर्षांपूर्वी मंडळीच्या वर्धापनाच्या रविवारी योसू शहराच्या रस्त्यावर त्याची गाडी उलटली. त्या दिवशी आम्ही मेजवानीच्या नूडल्स करत होतो. सुक्या मासळीचं पाणी माझ्याकडे, नूडल्स उकळणं ताईकडे, कारण तिच्या हातच्या नूडल्स कधी चिकटत नसत. सगळे जेवले, वाडगे धुऊन झाले, तेव्हा पाळक नामगुंग दारात आले आणि म्हणाले, "सेविकाबाई, जरा बसा." आम्ही योसूच्या इस्पितळात पोचलो तर त्याच्या तोंडावर चादर ओढलेली. नर्स म्हणाली, "थोडा वेळ आधीच गेला." इतकी वर्षं ताईला वाटत होतं, बातमीच उशिरा आली. मलाही तसंच वाटत होतं.

या वसंतात पाळकसाहेबांचं पुस्तक छापून आलं. नाव 'भरल्या वाडग्यातली कृपा', वर वाफाळत्या नूडल्सचं चित्र. खोकीच्या खोकी आली. ते स्वतः टेबलापाशी येऊन ताईला म्हणाले, "या महिन्याला हेच सुचवा. पाचवं प्रकरण तुमचंच आहे. नाव घातलेलं नाही, काळजी नको."

दुसऱ्या दिवशी ताई पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. मी लसूण सोलत बसले होते. "पाचवं वाच," म्हणाली. मी वाचलं. पहिलं गीत चालू असताना मंडळीच्या कचेरीत इस्पितळातून फोन आला, पाळकांनी स्वयंपाकघरात जाऊन त्या सेविकेच्या कानात वाईट बातमी सांगितली, तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "आधी प्रभूचे पाहुणे जेवू देत." मग तिनं हसतमुखानं सगळ्यांना वाढलं. अशी आभार मानणारी आई, वगैरे वगैरे.

"मी असं म्हणाले?" ताईनं विचारलं. "तू तर शेजारीच होतीस."

"ते आत फिरकलेसुद्धा नाहीत, ताई. नूडल्स संपेपर्यंत त्यांची सावली दिसली नाही."

"ते सोड. वरची ओळ बघ. पहिलं गीत. म्हणजे सकाळी. चाइ-रान, आपलं पाणीसुद्धा उकळलं नव्हतं तेव्हा."

माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. पाणी उकळायचं होतं, नूडल्स शिजायच्या होत्या, तेवढी माणसं जेवायची होती, वाडगे धुवायचे होते, आणि तो सगळा वेळ हान-गिल जिवंत होता. योसू काही लांब नाही. आणि हा माणूस बातमी पोटात ठेवून वर दालनात प्रवचन करत होता, खाली येऊन नूडल्स खात होता, तिच्या हातच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून उतरलेली नाही.

दोघी तशाच त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं जवाचा चहा आणून ठेवला. ताईनं हात लावला नाही.

"सेविकाबाई, मला वाटलं किरकोळ असेल," पाळकसाहेब म्हणाले. "गावोगावचे पाळक आलेले, एवढे पाहुणे. तुम्ही निघाला असतात तर तुमच्यामागे सगळ्या बायका निघाल्या असत्या. वाढलं कोणी असतं?"

"तुम्ही वाढलं असतं," मी म्हटलं. "हात आहेत की."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मी स्वयंपाकघरातली, माझ्याकडे बघायची गरज नसते.

"मग कानात सांगितलं म्हणून का लिहिलंत?" ताईनं विचारलं.

"अहो, विश्वासाची साक्ष आहे ती. वाचणाऱ्याला धीर यायला हवा. कितीतरी दुःखी आयांना यातून बळ मिळेल."

"बरं, ते राहू दे. मला एवढंच सांगा, फोनवर काय म्हणाले? त्यानं माझं नाव काढलं होतं का?"

"एवढ्या वर्षांपूर्वीचं कसं आठवणार?" ते म्हणाले. "देवानं त्या दिवसाचं सोनं केलं, ते बघा. रविवारी दोन शब्द बोला, मन हलकं होईल."

म्हणजे कानात न सांगितलेलं यांना शब्दन् शब्द आठवतं, आणि फोनवर ऐकलेलं आठवत नाही. वा.

वाटेत मी म्हटलं, "ताई, रविवारी जाऊच नकोस. ताप आलाय म्हणून सांगू."

"मी वाचल्याशिवाय कधी बोलले नाही," ती म्हणाली, "आणि वाचून कधी गप्प बसले नाही. आधी करून तर बघते."

आणि खरंच तिनं करून बघितलं. त्या दिवसानंतर तिनं घरात नूडल्स केल्या नव्हत्या. त्या आठवड्यात केल्या. वाडगा नवऱ्यापुढे ठेवला आणि आभार मानायला डोळे मिटले. म्हाताऱ्यानं वाडगा बाजूला सारला. "हान-गिलची आई, हे काय चाललंय?" मग तिनं त्याला सगळं सांगितलं. तो उठला आणि जाऊन बंदरावरच्या होडीत बसून राहिला. नूडल्स फुगून लगदा झाल्या. हे तिनंच मला सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात.

रविवारी मी उपासनेनंतरच्या जेवणासाठी मासळीचं पाणी गॅसवर मंद ठेवून वर गेले आणि मागे उभी राहिले. ताई पुढे आली. पाळकसाहेब मंचावरच्या खुर्चीत हात जोडून बसले होते, चेहऱ्यावर नम्रता फासून.

"या महिन्याचं पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलं," ती म्हणाली. "घरी करूनही बघितलं. जमलं नाही. पाचव्या प्रकरणातली बाई मी आहे. माझ्या कानात कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पातेलं तसंच टाकून मी धावत सुटले असते, आणि प्रभूचे पाहुणे उपाशी घरी गेले असते."

कोणीतरी खोकलं. ताई मंचाकडे वळली.

"पाळकसाहेब, फोन तुम्ही उचललात. हान-गिलनं मला बोलावलं होतं का?"

"सेविकाबाई, आपण नंतर बसून बोलू."

"नंतर सांगू म्हणूनच तर हे झालं. आत्ता सांगा."

शेवटच्या रांगेत तिचा म्हातारा उठून उभा राहिला. मग आमच्या स्वयंपाकघरातल्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या. पाळकसाहेबांनी समोरच्या पुस्तकाच्या कोपऱ्याशी चाळा केला. त्यांना आठवलं, कसं न आठवेल.

"नर्सबाई म्हणाल्या," ते खाली बघत बोलले, "तो सारखं विचारतोय, आई निघाली का."

ताईनं मान हलवली. मग पुस्तक मिटून तिनं मंचाच्या कडेवर ठेवलं.

"हे लिहायला हवं होतं," ती म्हणाली. "या महिन्यात शिफारस नाही."

ती चपला घालून नवऱ्याबरोबर निघून गेली. मी खाली गेले आणि गॅस बंद केला. कोणी विचारायला आलं नाही, आणि आलं असतं तरी मी चालू केला नसता. त्या रविवारी प्रभूचे पाहुणे उपाशी घरी गेले.